पहिली होंडा सिव्हिक (१९७२): कर्तृत्व किती, नशीब किती?

पाचवा_गिअर

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की सिव्हिकची आरती सुरू होते. कमी धूर सोडणारं सीव्हीसीसी इंजिन, कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडांची जिद्द, जपानी शिस्त वगैरे वगैरे. गाडी मलाही आवडते, पण टाळ वाजवायला मी येणार नाही.

माझं म्हणणं असं. सिव्हिक जपानात आली जुलै १९७२ मध्ये. ११६९ सीसीचं इंजिन, आधी दोन दारांची, मग सप्टेंबरात मागचं झाकण वर उघडणारी तीनदारी. अमेरिकेत १९७३ चं मॉडेल म्हणून पोचली, किंमत २,२०० डॉलरच्या आसपास. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं. पंपांवर रांगा, सम-विषम नंबरप्रमाणे पेट्रोल, आठ सिलिंडरची धुडं दारात उभी. अशा वेळी ज्याच्याकडे छोटी गाडी तयार होती त्या प्रत्येकाचा माल उठला. टोयोटा कोरोला खपली, डॅटसन खपली, तशी सिव्हिक खपली. तेलाचा भडका उडाला नसता तर आज होंडा ही मोटरसायकलवाली कंपनी म्हणूनच ओळखली गेली असती.

भांडा, पण आकडे घेऊन भांडा.

खारे_दाणे

जागा पकडून ठेवतो. आप्पा आल्याशिवाय या धाग्याला रंग चढायचा नाही.

गॅरेजवाले_आप्पा

आलो बाबा.

पाचवा_गिअर, गाडी १९७३ साली तयार होती म्हणजे त्याआधी काही वर्षं कुणीतरी डोकं फोडून घेतलं होतं ना? त्या आधीच्या वर्षांबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

होंडाची पहिली जोरात खपलेली छोटी गाडी म्हणजे १९६७ ची एन-३६०. ३५४ सीसी, ३१ अश्वशक्ती, हवेने थंड होणारं इंजिन. मोटरसायकलचीच विद्या. तिला यश मिळालं आणि मालकांच्या डोक्यात हवा गेली, अक्षरशः. सोइचिरो होंडांचं गणित असं होतं की पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातलं पाणीसुद्धा शेवटी रेडिएटरमध्ये हवेनेच थंड करायचं. मग मध्ये पाण्याचं लचांड कशाला? त्या हट्टातून १९६९ ची होंडा १३०० जन्मली. १३०० सीसीमधून दोन प्रकारांत १०० आणि ११५ अश्वशक्ती, त्या काळात डोळे पांढरे व्हावेत असा आकडा. पण इंजिनाभोवती हवा खेळवायला दुहेरी भिंतींचं ओतकाम, तेलाची टाकी वेगळी, पंखा वेगळा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा सगळा मोठेपणा म्हणजे ते हलकं आणि स्वस्त असतं. हे झालं जड आणि महाग. नाक जड असलेली गाडी वळणावर काय करते ते ज्याने चालवलंय त्याला विचारा. खप पडला.

हीच हौस रेसिंगमध्येही चालली होती. १९६८ मध्ये हवेने थंड होणारी आरए-३०२ ही फॉर्म्युला वनची गाडी फ्रान्समध्ये रुआँच्या शर्यतीत उतरवली. होंडाचा चालक जॉन सर्टीसने ती चालवायला आधीच नकार दिला होता. मग फ्रेंच चालक जो श्लेसर चालवायला बसला आणि तिसऱ्या फेरीत गाडी घसरून पेटली. मॅग्नेशियमची बॉडी. माणूस वाचला नाही.

इतकं होऊनही कंपनीत 'पाणी' शब्द काढायची सोय नव्हती. तादाशी कुमेंसारखे तरुण इंजिनिअर सांगून थकले की धुराचे कायदे पाळायचे तर सिलिंडरचं तापमान काबूत हवं आणि ते हवेने जमणार नाही. शेवटी ते ताकेओ फुजिसावांकडे गेले. पैशाचा आणि विक्रीचा कारभार बघणारे हे भागीदार. त्यांनी होंडांना एवढंच विचारलं की तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष राहायचंय की इंजिनिअर? होंडांनी अध्यक्षपद निवडलं आणि पाण्याला परवानगी मिळाली.

सिव्हिक तिथून सुरू होते. तेल नंतर आलं.

खारे_दाणे

आला रंग.

चोक_ओढा

आप्पा, दंडवत. आमच्याकडे साहेबाला त्याची आवडती कल्पना चुकीची आहे असं सांगितलं तर बदली थेट गडचिरोलीला.

पाचवा_गिअर

आप्पा, गोष्ट रंगवून सांगितलीत, पण हे झालं घरातलं राजकारण. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला फुजिसावा काय म्हणाले याच्याशी काय देणंघेणं? त्याला पंपावरची रांग दिसत होती.

केमिकल_लोचा

गिऱ्हाइकाला नसेल, पण सरकारला धूर दिसत होता. सिव्हिकचं मूळ शोधायचं तर तेलाच्या आधी धुराकडे जायला हवं.

१९७० साली दोन गोष्टी घडल्या. १८ जुलैला तोक्योच्या सुगिनामी भागात शाळेच्या मैदानावर व्यायाम करणाऱ्या मुलींचे डोळे आणि घसे जळजळायला लागले, काही जणींना दवाखान्यात न्यावं लागलं. उन्हात गाड्यांच्या धुराची रासायनिक अभिक्रिया होऊन तयार झालेला तो विषारी धुरका होता. आणि वर्षाअखेरीस अमेरिकेत सिनेटर मस्की यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन १९७० च्या तुलनेत ९० टक्के कमी करा, मुदत १९७५. नायट्रोजन ऑक्साइडसाठी १९७६. मैलामागे ०.४१ ग्रॅम हायड्रोकार्बन, ३.४ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या कंपन्यांनी हे होणे नाही म्हणून हात वर केले.

अडचण अशी की मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवलं तर ते पुरतं जळत नाही, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन वाढणार. पेट्रोल बेताचं ठेवून चांगलं भडकवलं तर तापमान चढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. आणखी पातळ केलं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल अगदी कमी, तर तिन्ही गोष्टी कमी होतात, पण ठिणगीने ते पेटतच नाही. इंजिन आचके देतं.

होंडाने केलं ते आपल्या आजीने बंब पेटवताना रोज केलं. ओला ओंडका काडीने पेटत नाही. आधी खाली चिपाडं आणि काटक्या पेटवायच्या, मग जाळ ओंडक्याला धरतो. सीव्हीसीसीच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक चिमुकली वेगळी खोली असते. तिला स्वतःचा छोटा व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरची एक वाट या खोलीत पेट्रोलने भरलेलं मिश्रण सोडते, बाकीच्या मोठ्या वाटा मुख्य सिलिंडरमध्ये पातळ. प्लग असतो त्या छोट्या खोलीत. तिथे पेटलं की ज्वाळेची पिचकारी मुख्य सिलिंडरमध्ये घुसते आणि पातळ मिश्रण सावकाश, पण शेवटपर्यंत जळतं. तापमानाचा उंच सुळका येत नाही म्हणून नायट्रोजन ऑक्साइड कमी, आणि उष्णता बराच वेळ टिकते म्हणून उरलेसुरले हायड्रोकार्बनही जळून जातात. सायलेन्सरच्या वाटेवर कसलंही रसायन बसवायची गरज नाही.

आता तारखा बघा. आम्हाला हे जमेल असं होंडाने फेब्रुवारी १९७१ मध्ये जाहीर केलं. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अ‍ॅन आर्बरच्या प्रयोगशाळेत चाचणी घेतली आणि गाडी १९७५ च्या मर्यादेत बसली. तेल अडवलं जायला अजून दहा महिने होते, पाचवा_गिअर.

चोक_ओढा

काय समजावलंय राव. वाचनखूण साठवली. आमच्या प्राध्यापकांनी अख्खं सेमिस्टर घेऊन हे शिकवलं नव्हतं.

कॅटकॉन

रंगाचा बेरंग करायला आलोय. सीव्हीसीसी ही हुशारीने शोधलेली बंद गल्ली होती.

बाकी जगाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धरला, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवून धूर साफ करणारा डबा. मग ऑक्सिजन सेन्सर आले, इंजेक्शन आलं, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण एका बिंदूवर धरून ठेवणं सोपं झालं. होंडानेसुद्धा ऐंशीच्या दशकात सीव्हीसीसी गुंडाळून इंजेक्शन आणि कन्व्हर्टरचीच वाट धरली. शिवाय त्या इंजिनाचं झाकण उघडून बघा. व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांचं असं जंजाळ की बोनेटखाली कुणी शेवयांचा घाणा लावलाय असं वाटावं. एक नळी तडकली की आयडलिंग बिघडलं, आणि कुठली तडकली ते शोधायला मेकॅनिकला नकाशा घेऊन बसावं लागायचं.

गॅरेजवाले_आप्पा

नळ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण कन्व्हर्टरला शिसं चालत नाही, तो बिनशिशाचंच पेट्रोल मागतो. १९७५ मध्ये ते हवं तिथे मिळत नव्हतं आणि महागही होतं. सीव्हीसीसी कुठल्याही पेट्रोलवर चालायची. आपल्याकडे तर दिल्ली-मुंबई-कलकत्ता-मद्रास या चार शहरांत बिनशिशाचं पेट्रोल आणि कन्व्हर्टरची सक्ती यायला एप्रिल १९९५ उजाडलं. वीस वर्षं! बंद गल्ली म्हणा, पण हमरस्ता बांधून होईपर्यंत वाहतूक त्याच गल्लीतून चालली.

केमिकल_लोचा

+१. आणि बंद गल्लीत शिरायला टोयोटाने परवाना का घेतला? आधी टोयोटा, मग फोर्ड, क्रायस्लर, इसुझु, सगळ्यांनी तंत्र विकत घेतलं. जनरल मोटर्सने घेतलं नाही. छोट्या इंजिनात ठीक आहे, मोठ्यात जमणार नाही, असा सूर होता. मग होंडाने १९७३ ची शेव्हरोले इम्पाला आणली, ५.७ लिटरचं व्ही-८, तिच्यावर सीव्हीसीसीचं हेड बसवलं आणि पर्यावरण संस्थेकडून तपासून घेतली. पास. जनरल मोटर्सच्याच गाडीवर जनरल मोटर्सला उत्तर!

खारे_दाणे

याला म्हणतात सोनाराने कान टोचणे.

उत्सुनोमियाची_सून

जपानातून लिहितेय. आमच्या घरापासून मोतेगीचं होंडा संग्रहालय जवळ आहे. नवऱ्याला मोटरसायकली बघायच्या असतात, मी सिव्हिकपाशी थांबते.

फोटोत कळत नाही इतकी ती छोटी आहे. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.५, म्हणजे जमिनीवर जेमतेम पाच चौरस मीटर. बारा इंची चाकं अगदी कोपऱ्यांत ढकललेली. बाजूचे आरसे दारांवर नाहीत, जुन्या जपानी पद्धतीप्रमाणे पुढे मडगार्डवर उभे आहेत. काचेतून वाकून बघितलं की चालकासमोर दोन गोल डायल, आणि डॅशबोर्डच्या जागी या दारापासून त्या दारापर्यंत एक फळी, लाकडासारखी छपाई केलेली. कप्पे नाहीत, झाकणं नाहीत. पिशवी, चष्मा, नकाशा, सगळं त्या फळीवर टाकायचं. दिखाव्यावर पैसा घालवलेला नाही आणि तरी गाडी गरीब वाटत नाही, हे मला फार आवडतं.

आराखड्यासाठी होंडाने दोन गट केले होते, एक अनुभवी मंडळींचा आणि एक तरुणांचा. दोघांनी वेगवेगळं बसून जवळपास एकच गाडी मांडली: हलकी, छोटी, पुढची चाकं ओढणारी, इंजिन आडवं. नवऱ्याचं म्हणणं, जपानात दोन गटांचं एकमत होणं यात नवल ते काय :)

आणि आप्पांच्या गोष्टीचा पुढचा भाग. सीव्हीसीसी जमतंय असं दिसल्यावर सोइचिरो म्हणाले की आता अमेरिकेच्या तिन्ही बड्यांना गाठायची संधी आहे. तरुण इंजिनिअरांना ते रुचलं नाही. आम्ही हे कंपनीसाठी नाही, लोकांसाठी करतोय, असं त्यांनी उलट ऐकवलं. म्हाताऱ्याला ते लागलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा दोघं एकत्रच निवृत्त झाले. होंडा तेव्हा ६६ वर्षांचे. खुर्ची मुलाला दिली नाही, कियोशी कावाशिमांना दिली. त्यांच्यानंतर १९८३ मध्ये अध्यक्ष झाले ते पाण्यासाठी भांडणारे कुमे.

चोक_ओढा

ताई, दंडवत मागे घेऊन तुम्हाला घालतो. आप्पांना नंतर दुसरा.

गॅरेजवाले_आप्पा

मी वाट बघीन.

ओहायोकर

इथली, म्हणजे अमेरिकेतली बाजू मी सांगतो. आमचे मामा १९७४ मध्ये शिकायला इथे आले, त्यांच्याकडे वापरलेली सिव्हिक होती. होंडामॅटिक. क्लच नाही, पण गिअर हाताने बदलायचे, दोनच, आणि दांड्यावर डी च्या जागी एक चांदणी. मामींनी त्या चांदणीवर गाडी शिकली आणि आजही साध्या ऑटोमॅटिकला त्या 'चांदणीची गाडी' म्हणतात. चार देशी विद्यार्थी आणि किराण्याची पोती घेऊन ती शिकागोपर्यंत जायची.

आरतीवाल्यांसाठी मात्र कडू गोळी: इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि त्या काळातल्या जपानी पत्र्याला मीठ सोसायचं नाही. सिव्हिकचे पुढचे फेंडर इतके सडायचे की प्रकरण सरकारपर्यंत गेलं आणि होंडाला १९७५ ते ७८ च्या मॉडेलचे फेंडर बदलून द्यावे लागले. त्या पिढीच्या गाड्या आज दिसत नाहीत त्याचं कारण इंजिन नव्हे, गंज.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र तोड नव्हती. पर्यावरण संस्थेच्या मायलेजच्या यादीत सीव्हीसीसी सिव्हिक सलग काही वर्षं पहिली.

मारुतीभक्त

अवांतर: तिकडे हे चाललं होतं तेव्हा आपण पद्मिनीचं बुकिंग करून पत्रिकेत लग्नाची तारीख टाकत होतो, कारण मुलगा मोठा होईपर्यंत गाडी येईल अशी आशा होती. आपल्याला सिव्हिक दिसली २००६ मध्ये, तीही आठवी पिढी, दुमजली मीटरवाली. जपानी छोटी गाडी म्हणजे काय हे आपल्याला डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीने दाखवलं, आणि तिचं मूळही सत्तरच्या दशकातलंच, सुझुकीची १९७९ ची ऑल्टो. त्यावर वेगळा धागा हवा.

पाचवा_गिअर

मारुतीभक्त, काढा धागा, येतो. इथे नको, आधीच गाडी फुटपाथवर चढलीय.

मिनीचा_मामा

इंग्रजांना कुणी आठवणार आहे की नाही? आडवं इंजिन, पुढची चाकं, कोपऱ्यातली चाकं हे सगळं रचनाकार इसिगोनिसच्या मिनीने १९५९ मध्ये केलं. होंडाने नवं काय केलं?

गॅरेजवाले_आप्पा

मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात होता, दोघांना एकच तेल. क्लचला हात घालायचा म्हणजे मेकॅनिकच्या नशिबी कपाळमोक्ष. इंजिनाच्या शेजारी गिअरबॉक्स ठेवायची आजची पद्धत फियाटच्या दान्ते जाकोसाची: १९६४ ची ऑटोबियांकी प्रिमुला, मग १९६९ ची फियाट १२८. सिव्हिक त्या घराण्यातली. मांडणी होंडाची नाही, हे कबूल. पण ती मांडणी अमेरिकेत रोज सकाळी एका किल्लीत सुरू होणाऱ्या गाडीत घालून विकली कुणी? मिनी तर तिथून १९६७ नंतर निघूनही गेली होती.

ओहायोकर

आता मूळ प्रश्नाकडे. पाचवा_गिअर, तेलामुळे छोट्या गाड्या खपल्या हे खरं. पण छोटी गाडी फक्त जपान्यांकडे होती असं कुठेय? ग्रेमलिन, व्हेगा, पिंटो या तिन्ही अमेरिकन छोट्या गाड्या १९७० मध्येच बाजारात आल्या होत्या. म्हणजे नशिबाने सगळ्यांच्या दारावर थाप मारली होती.

पाचवा_गिअर

आणि त्यांनी दार उघडलंही! १९७४ मध्ये एकट्या पिंटो पाच लाखांवर खपल्या. सिव्हिकची पहिली दहा लाख पूर्ण व्हायला १९७६ उजाडलं, तेही सगळ्या जगात मिळून. तुम्ही माझाच मुद्दा बळकट करताय.

उत्सुनोमियाची_सून

मग व्हेगा १९७७ मध्ये आणि पिंटो १९८० मध्ये बंद का झाली? सिव्हिकने जपानात तेल अडायच्या आधीच १९७२ चा वर्षातल्या सर्वोत्तम गाडीचा मान घेतला होता, मग पुढची दोन वर्षंही. आणि अमेरिकेने मस्कीची मुदत पुढे ढकलली, पण जपानने १९७५ आणि १९७८ चे आपले नियम लागू केले. होंडाला सवलत मागावी लागली नाही.

कॅटकॉन

माझदालाही लागली नाही. त्यांचं रोटरी इंजिनही (पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेलं) धुराच्या परीक्षेत पास झालं होतं. पण ते पेट्रोल ढोसायचं. तेल महागलं आणि माझदा बुडता बुडता वाचली, बँकेने हात दिला म्हणून. दोघंही धुरात पास, एक तरला आणि एक गटांगळ्या खायला लागला. फरक कशाने पडला? तेलाने. पाचवा_गिअर, या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने.

पाचवा_गिअर

जियो. फ्रेम करून ठेवतो.

केमिकल_लोचा

फ्रेम करा, पण खाली बारीक अक्षरात हेही लिहा: सिव्हिकचं वजन सहाशे किलोच्या आसपास होतं. ते तेल अडल्यावर कमी केलेलं नव्हतं.

गॅरेजवाले_आप्पा

चोक_ओढा, माझा दंडवत राहिलाय.